ओढ्यांची श्रेणी आणि बंधाऱ्याची जागा

पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या पश्चिम भागात, सह्याद्रीच्या माथ्यावर, मुसळधार पाऊस पडतो. तरीही उन्हाळ्यात तेथील अनेक आदिवासी वाड्यांना पाणीटंचाई जाणवते. कारण तीव्र उतारावरून पाणी वेगाने वाहून जाते. ते कोठे व कशाने अडवावे, हे ठरविण्यास ओढ्यांचे श्रेणीनिहाय वर्गीकरण उपयुक्त ठरते.

श्रेणी कशी ठरते?

हॉर्टन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४५ मध्ये मांडलेल्या पद्धतीत स्ट्रॅलर यांनी पुढे सुधारणा केली. ज्यास एकही प्रवाह येऊन मिळत नाही, तो ओहोळ पहिल्या श्रेणीचा होय. असे दोन ओहोळ मिळाले म्हणजे दुसरी श्रेणी सुरू होते. दुसऱ्या श्रेणीचे दोन ओढे मिळाल्यावर तिसरी. मात्र दुसऱ्या श्रेणीच्या ओढ्यास पहिल्या श्रेणीचा ओहोळ मिळाल्यास श्रेणी वाढत नाही. पुष्पावती कुकडीस, कुकडी व मीना घोडनदीस आणि घोडनदी भीमेस मिळते. या नद्यांची श्रेणीही उगमाकडील ओहोळांपासूनच मोजीत यावी लागते.

संगणकाचे साहाय्य

पूर्वी ही मोजणी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांवरून हाताने होत असे. आता उपग्रहादी साधनांनी मिळविलेल्या उंचीच्या नोंदींवरून संगणक ती करतो. भूभागाच्या चौकटी पाडून प्रत्येक चौकटीतील पाणी शेजारच्या आठांपैकी सर्वांत तीव्र उताराच्या चौकटीकडे वळविले जाते. ठराविक संख्येहून अधिक चौकटींचे पाणी जेथे एकवटते, तेथून ओहोळ सुरू झाला असे मानतात.

ही संख्या अभ्यासक ठरवितो. चौकट ३० मीटरची असल्यास १०० चौकटी म्हणजे ९ हेक्टर, तर १,००० चौकटी म्हणजे ९० हेक्टर. मर्यादा वाढविली की लहान ओहोळ नकाशातून गळतात आणि एरवी तिसऱ्या श्रेणीचा गणला जाणारा ओढा पहिल्या श्रेणीचा दिसू शकतो. म्हणून भिन्न मर्यादांच्या नकाशांतील श्रेणींची तुलना करू नये.

उपचारांची निवड

माथा ते पायथा या तत्त्वानुसार डोंगरउतारावर समतल चर, पहिल्या श्रेणीच्या ओहोळांत अनघड दगडी बांध आणि त्याखाली ओढ्याच्या आकारमानानुसार माती अथवा सिमेंट नाला बांध घेतले जातात. श्रेणी चुकल्यास मोठ्या प्रवाहात दगडी बांध वाहून जातो, तर लहान ओहोळावरील मोठ्या बांधाचा खर्च व्यर्थ जातो. यास्तव नकाशावरील प्रत्येक जागा ग्रामस्थांसमवेत शिवारफेरीत पडताळूनच काम हाती घेणे हितावह ठरेल.