एक छोटा 'अ' : आपला आणि ग्रीकांचा



'नाही' असे सांगायचे असले की मराठीत आपण शब्दाच्या आधी 'अ' लावतो. शक्य – अशक्य. ज्ञान – अज्ञान. शब्द स्वराने सुरू होत असेल तर 'अ'चा 'अन' होतो. आदर – अनादर. ओळखी – अनोळखी. याला उपसर्ग म्हणतात.

आता गंमत बघा. युरोपात ग्रीस नावाचा देश आहे. तिथल्या ग्रीक भाषेतही अगदी असाच उपसर्ग आहे. इंग्रजीने ग्रीकमधून पुष्कळ शब्द घेतले, त्यांच्याबरोबर तोही आला. इंग्रजीत तो 'ए' किंवा 'ए-एन' या अक्षरांनी लिहितात. पुढे व्यंजन असले तर 'ए', स्वर असला तर 'ए-एन'. नियम आपलाच की!

१) ॲटम – म्हणजे अणू. ग्रीकमध्ये 'टोमोस' म्हणजे कापलेला तुकडा. ज्याचे तुकडे होत नाहीत तो ॲटम. सन १८९७ मध्ये जे. जे. थॉमसन यांनी इलेक्ट्रॉन शोधला, तेव्हा अणूच्या आतही लहान कण असतात हे कळले. पण नाव तेच राहिले!

२) ॲनार्की – 'आर्खोस' म्हणजे राज्य करणारा. तो नाही, म्हणून ॲनार्की. आपण म्हणतो अराजक.

३) ॲनॉनिमस – 'ओनोमा' म्हणजे नाव. नाव नसलेला, म्हणजेच अनामिक.

४) ॲनिमिया – 'हैमा' म्हणजे रक्त. शब्दाचा अर्थ 'रक्त नाही', पण खरे तर रक्तातले हिमोग्लोबिन कमी झालेले असते. लोहाच्या गोळ्या यासाठीच देतात. त्या फेकू नका बरं का!

५) एसिम्प्टोमॅटिक – सिम्प्टम म्हणजे लक्षण. सन २०२० मध्ये करोना आला तेव्हा हा शब्द सगळीकडे ऐकू यायचा. पुष्कळांना वाटे, याचा अर्थ रोग नाही. तसे नाही! 'नाही' हे लक्षणाला लागले आहे, रोगाला नाही. ताप-खोकला नसला तरी अशा माणसाकडून दुसऱ्याला रोग होऊ शकतो. म्हणून उपसर्ग कशाला लागला ते नीट पाहावे.

पण सुरुवातीला 'अ' दिसला की लगेच 'नाही' म्हणू नये. अननस म्हणजे 'नस नसलेला' नव्हे! इंग्रजीतही ॲपल, ॲनिमल यांत 'नाही' नाही.

दोन दूरच्या भाषांत एकच उपसर्ग कसा? आपला 'अ' संस्कृतातून आला. सन १७८६ मध्ये कलकत्त्याला विल्यम जोन्स यांनी सांगितले की संस्कृत आणि ग्रीक या एकाच मुळातून निघाल्या असाव्यात. म्हणजे त्या बहिणी-बहिणीच झाल्या.

म्हणून अवघड इंग्रजी शब्द दिसला की घाबरू नका. आधी तो फोडून बघा.

घरी करा : अनावश्यक, अनाथ, अनार हे शब्द फोडा. 'अनाथ' जरा जपून!

– इयत्ता ४ थी