नाटके जपणारा माणूस

अनारकलीची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. १९६० सालचा ‘मुघल-ए-आझम’ हा चित्रपटही काहींनी पाहिला असेल. ही गोष्ट उर्दू नाटकातून घरोघरी पोचवणारे लेखक म्हणजे सय्यद इम्तियाज अली ताज. गमतीदार ‘चचा छक्कन’ही त्यांनीच उर्दूत आणले. आज त्यांची आणखी एक ओळख करून घेऊ.

ताज यांचा जन्म १९०० साली लाहोरला झाला. वडील मौलवी सय्यद मुमताज अली हे प्रकाशक होते. आई मुहम्मदी बेगम ‘तहजीब-ए-निस्वाँ’ हे स्त्रियांचे साप्ताहिक चालवत. त्यामुळे पुस्तकांच्या सहवासातच ते वाढले. पुढे त्यांना नाटकाचे वेड लागले.

१९२२ साली त्यांनी ‘अनारकली’ हे नाटक लिहिले. नाटक कंपन्यांनी ते आहे तसे घेण्यास नकार दिला. त्यांनी बदल सुचवले. पण ते बदल ताज यांना पटले नाहीत. तुम्ही त्यांच्या जागी असता, तर काय केले असते? ताज यांनी नाटक बदलले नाही. पुढे ते पुस्तकरूपाने निघाले आणि वाचकांनी ते डोक्यावर घेतले. कंपन्यांनी नाकारलेले नाटक छापील पानांनी जगवले!

हा अनुभव त्यांच्या पुढील कामाशी जुळतो. उर्दू नाटकाचा एक मोठा काळ आपल्या मुंबईत घडला. १८७१ साली येथील पारशी मंडळींनी ‘खुरशीद’ हे नाटक गुजरातीवरून उर्दूत आणले. नंतर अशी कितीतरी नाटके गावोगावी गाजली. पण त्यांच्या संहिता कोणी नीट जपल्या नाहीत. स्वस्त प्रतींत चुका फार असत. अनेक विद्वान तर या नाटकांना साहित्यच मानत नसत.

लाहोरच्या ‘मजलिस-ए-तरक्की-ए-अदब’ या संस्थेचे संचालक असताना ताज यांनी ही जुनी नाटके मिळवली, त्यांचे पाठ तपासले आणि ती संस्थेतर्फे छापली. समीक्षकाच्या नजरेने त्यांचे गुणदोषही सांगितले. मुंबईत रंगलेली नाटके अशी सीमेपलीकडे जपली गेली. हे काम चालू असतानाच एप्रिल १९७० मध्ये लाहोर येथे त्यांची हत्या झाली.

मुलांनो, पडदा पडला की प्रयोग संपतो. लिहून ठेवलेले नाटक मात्र पुन्हा उभे राहते. तुमच्या स्नेहसंमेलनातल्या नाटकाची वही कोठे आहे? शोधा आणि जपून ठेवा.

शब्दार्थ
संहिता – नाटकाचे लिहिलेले रूप
समीक्षक – गुणदोष पारखणारा
डोक्यावर घेणे – खूप कौतुक करणे

स्वाध्याय
१. नाटक कंपन्यांनी ‘अनारकली’ का घेतले नाही?
२. जुनी नाटके जपण्यासाठी ताज यांनी कोणती कामे केली?
३. तुम्ही पाहिलेल्या एका नाटकाविषयी पाच वाक्ये लिहा.