लाकूड, धातू आणि चामडे : गृहसजावटीतील संयोग आणि कारागिरांचे अर्थकारण

महाराष्ट्राच्या जुन्या ग्रामव्यवस्थेत बारा बलुतेदारांमध्ये सुतार, लोहार आणि चर्मकार यांची घरे वेगवेगळी होती. त्यांच्या हातून घडणारी वस्तू मात्र पुष्कळदा एकच असे. विहिरीवरची मोट हे त्याचे उत्तम उदाहरण होय. पाणी उपसणारी पिशवी चामड्याची, तिचे तोंड उघडे ठेवणारे कडे लोखंडाचे आणि नाडा ज्यावरून सरके ते चाक लाकडाचे. यांपैकी एक जोड सैल झाली तरी शेताला पाणी मिळत नसे. आज मोट इतिहासजमा झाली आहे. परंतु लाकूड, धातू आणि चामडे यांचा तोच संयोग खुर्च्या, पेटारे, आरामासने, मेजे आणि शोभेच्या वस्तूंच्या रूपाने शहरी घरांत व परदेशी बाजारपेठेत पोहोचला आहे. हा केवळ अभिरुचीचा विषय नाही. रोजगार, निर्यात, वनसंपत्ती, पर्यावरण आणि सामाजिक न्याय असे विकासाचे अनेक प्रश्न त्यात एकत्र येतात.

परंपरेतील संयोग

भारतीय गृहवस्तूंमध्ये लाकूड व धातू यांची जोडी फार जुनी आहे. सौराष्ट्रात लेकीच्या पाठवणीबरोबर दिल्या जाणाऱ्या मोठ्या लाकडी पेटाऱ्यांवर पितळेचे पत्रे व खिळे यांचे नक्षीकाम असे. केरळात दागिने व मौल्यवान वस्तू ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘नेट्टूर पेट्टी’ या पेटीला पितळी पट्ट्या, कड्या व बिजागऱ्या असतात. त्या शोभेसाठी असतातच, पण लाकडाच्या कडा व सांधे सांभाळण्याचे कामही करतात. उत्तर प्रदेशातील मैनपुरीच्या तारकशी कलेत शिसमाच्या लाकडात बारीक खाच कोरून तिच्यात पितळेची तार ठोकून बसवली जाते.

या जोडीत चामडे आले की वस्तूला लवचिकता लाभते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रचारात आलेली ‘रूर्की खुर्ची’ या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. लष्करी अभियंत्यांचे केंद्र असलेल्या रूर्की या गावावरून तिला हे नाव मिळाले. तिचे पाय व आडवे दांडे लाकडाचे असून ते सरसाने चिकटवलेले नसतात, तर पायातील भोकांत नुसते बसवलेले असतात. बैठक व पाठ चामड्याची किंवा जाड कापडाची असते आणि चामडी पट्टे धातूच्या बकलांनी ताणले जातात. माणूस बसला की ताण वाढतो व सांधे अधिक घट्ट होतात. सांधे लवचिक असल्यामुळे खडबडीत जमिनीवरही चारही पाय टेकतात. पट्टे सोडले की संपूर्ण खुर्ची एका लहान गठ्ठ्यात मावते.

या तत्त्वाचा प्रभाव पुढे युरोपीय आधुनिक रचनेवर पडला. कारे क्लिंट या डॅनिश रचनाकाराची १९३३ ची ‘सफारी खुर्ची’ त्याच घराण्यातील मानली जाते. क्लिंट यांचे नाव आज रचनेच्या इतिहासात आदराने घेतले जाते. रूर्की खुर्च्या घडवणारे भारतीय कारागीर मात्र अनामिकच राहिले. हस्तव्यवसायांच्या अर्थकारणातील एक मूलभूत उणीव यातून दिसते. वस्तूचे मोल कच्च्या मालात असते तसेच रचनेतही असते आणि रचनेचे श्रेय ज्याच्या नावावर नोंदले जाते त्याच्याकडेच त्या मोलाचा मोठा हिस्सा जातो. स्वतंत्र भारतात ही उणीव ओळखली गेली होती. भारत सरकारच्या निमंत्रणावरून चार्ल्स व रे ईम्स या दांपत्याने १९५८ मध्ये दिलेल्या अहवालाच्या आधारे १९६१ मध्ये अहमदाबाद येथे राष्ट्रीय रचना संस्था स्थापन झाली.

तीन पदार्थ, तीन स्वभाव

मिश्र वस्तूचा टिकाऊपणा तिच्या सांध्यांवर अवलंबून असतो, कारण हे तिन्ही पदार्थ हवेला वेगवेगळा प्रतिसाद देतात. लाकूड आर्द्रता शोषते व सोडते. त्यामुळे ते तंतूंच्या आडव्या दिशेने फुगते व आकसते. तंतूंच्या लांबीच्या दिशेने हा बदल नगण्य असतो. धातूवर आर्द्रतेमुळे असा परिणाम होत नाही. तो उष्णतेने किंचित प्रसरण पावतो. चामडे ओलाव्याने मऊ होते व ताणले जाते, तर अतिकोरड्या हवेत कडक होऊन तडकते.

रुंद फळीवर लोखंडी पट्टी अनेक स्क्रूंनी घट्ट आवळली, तर फळीला हालचालीस वाव राहत नाही आणि ती चिरते. जाणकार कारागीर म्हणूनच पट्टीतील भोके लांबट ठेवतो. घरातील फर्निचरसाठी लाकडातील आर्द्रता साधारणतः ८ ते १२ टक्क्यांपर्यंत खाली आणून मगच ते वापरले जाते. पावसाळ्यात घाईने वाळवलेले लाकूड युरोपातील हिवाळ्यात, तापवलेल्या घरात पोहोचले की आकसते. सांधे उघडतात आणि माल नाकारला जातो.

रासायनिक बाजूही महत्त्वाची आहे. अनेक लाकडांत आणि बाभळीची साल, हिरडा इत्यादींनी कमावलेल्या चामड्यात टॅनिन हे द्रव्य असते. ओलाव्याच्या सान्निध्यात लोखंड व टॅनिन यांचा संयोग होऊन निळसर काळे डाग पडतात. पितळ व तांबे यांचा चामड्यातील स्निग्ध द्रव्यांशी दीर्घकाळ संपर्क आला तर हिरवट थर जमतो. यावर उपाय साधे आहेत. लोखंडावर जस्ताचा किंवा रंगाचा लेप देणे, धातू आणि चामडे यांच्यामध्ये कापडाचा थर घालणे आणि चामड्याचे आवरण बदलता येईल अशा रीतीने बसवणे, एवढ्याने वस्तूचे आयुष्य पुष्कळ वाढते. लाकडी सांगाडा अनेक दशके टिकतो, बैठकीचे चामडे त्यामानाने लवकर झिजते. म्हणून दुरुस्तीची सोय हा चांगल्या रचनेचा अविभाज्य भाग ठरतो.

जोधपूरचा धडा

या तिन्ही पदार्थांचा संगम मोठ्या प्रमाणावर पाहावयास मिळतो तो राजस्थानातील जोधपूर येथे. जुन्या हवेल्यांचे दरवाजे, खिडक्या व पेट्या यांच्या व्यापारातून या शहराच्या निर्यातीला आरंभ झाला. जुन्या वस्तूंचा साठा मर्यादित असल्याने पुढे त्यांच्या धर्तीवर नवी निर्मिती सुरू झाली. बोरानाडा व बासनी या औद्योगिक वसाहतींच्या परिसरात लोखंडी सांगाड्यावर आंब्याची फळी आणि त्यावर चामड्याची बैठक अशा वस्तू आज तयार होतात. भंगारातील यंत्रांचे सुटे भाग व जुने लाकूड यांचाही त्यांत उपयोग होतो.

मरुभूमीच्या सीमेवरील या शहराजवळ लाकडाची विपुलता नाही. चामडे कमावण्याची देशातील मोठी केंद्रेही कानपूर, तमिळनाडू व कोलकाता परिसरात आहेत. तरीही हा व्यवसाय येथे रुजला, कारण निरनिराळी कौशल्ये असलेले कारागीर, व्यापारी आणि परदेशी ग्राहक येथे एकत्र आले. परस्परपूरक व्यवसाय एका ठिकाणी केंद्रित झाल्याने होणाऱ्या अशा लाभाला अर्थशास्त्रात ‘समूहलाभ’ म्हणता येईल. मात्र या लाभाची वाटणी समान नसते. सुतारकाम, वेल्डिंग, पॉलिश व चामड्याचे काम पुष्कळदा वेगवेगळ्या ठेकेदारांकडे सोपवले जाते. कारागिराला नगावर मजुरी मिळते. अंतिम वस्तूची किंमत त्याला ठाऊक नसते. लाकडाचा भुसा, वेल्डिंगचा धूर व पॉलिशमधील द्रावके यांचा आरोग्यावरील भार मात्र त्यालाच वाहावा लागतो.

शिसमाचा प्रश्न

कच्च्या मालाच्या नियमनाचा परिणाम कारागिरापर्यंत कसा पोहोचतो, हे शिसमाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. शिसमाचे शास्त्रीय नाव दालबर्जिया सिसू. आपल्याकडील शिसवी हा त्याचाच सगोत्र, परंतु भिन्न वृक्ष. संकटग्रस्त प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या २०१६ मधील जोहान्सबर्ग परिषदेत दालबर्जिया ही संपूर्ण प्रजाती दुसऱ्या परिशिष्टात समाविष्ट करण्यात आली आणि जानेवारी २०१७ पासून निर्यातीला परवान्याचे बंधन आले. या वंशातील काही वृक्षांची बेसुमार तोड होत होती, हे खरे. पण उत्तर भारतात शेताच्या बांधावर व रस्त्याकडेला लावला जाणारा शिसमही त्याच बंधनात सापडला. केंद्र सरकारने दिलेल्या माहितीनुसार शिसमाच्या वस्तूंची वार्षिक निर्यात सुमारे १,००० कोटी रुपयांवरून ५०० ते ६०० कोटी रुपयांपर्यंत घसरली व सुमारे ५०,००० कारागिरांच्या उपजीविकेवर परिणाम झाला.

भारताच्या प्रयत्नांमुळे नोव्हेंबर २०२२ मधील पनामा परिषदेत सवलत मिळाली. प्रत्येक नगाचे वजन १० किलोग्रॅमपेक्षा कमी असेल, तर एका खेपेत कितीही नग साइट्स परवान्याविना पाठवता येतात. हे वजन मोजताना केवळ लाकूड विचारात घ्यावे, धातू इत्यादी अन्य पदार्थ वगळावेत, असेही मान्य झाले. म्हणजे लोखंडी सांगाडा आणि शिसमाची फळी असलेल्या मेजाला या सवलतीचा लाभ मिळू शकतो, तर संपूर्ण शिसमाच्या जड मेजाला परवाना घ्यावा लागतो. पदार्थांचा संयोग हा अशा रीतीने काटकसरीचा व वनसंवर्धनाचाही मार्ग ठरतो. फळे देण्याचे वय उलटलेल्या आंब्याचे लाकूड हा असाच पर्याय आहे. ते किडीला लवकर बळी पडत असल्याने योग्य प्रक्रिया मात्र अनिवार्य ठरते. लाकडाच्या कायदेशीर उगमाची पडताळणी करणारी ‘वृक्ष’ ही योजना हस्तशिल्प निर्यात संवर्धन परिषदेमार्फत राबवली जाते. युरोपीय संघाने २०२३ मध्ये संमत केलेल्या वनतोडविरोधी नियमावलीत लाकडासह गुरांपासून मिळणाऱ्या चामड्याचाही समावेश करण्यात आला. तिची अंमलबजावणी एकाहून अधिक वेळा पुढे ढकलली गेली. तथापि मालाचा उगम सिद्ध करण्याची मागणी वाढत जाणार, ही दिशा स्पष्ट आहे.

चामडे : पर्यावरण आणि प्रतिष्ठा

तिन्ही पदार्थांत चामड्याचा प्रश्न सर्वाधिक गुंतागुंतीचा आहे. बहुतांश चामडे क्रोमियमच्या क्षारांनी कमावले जाते. ते मऊ व टिकाऊ होते, पण सांडपाण्यावर प्रक्रिया न झाल्यास नदी व भूजल दूषित होते. तमिळनाडूतील चर्मोद्योगांच्या प्रदूषणाविषयीच्या ‘वेल्लोर सिटिझन्स वेल्फेअर फोरम’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दक्षतेचे तत्त्व आणि ‘प्रदूषकाने भरपाई द्यावी’ हे तत्त्व भारतीय कायद्याचा भाग असल्याचे मान्य केले. चेन्नई येथील केंद्रीय चर्म संशोधन संस्था १९४८ पासून या क्षेत्रात कार्यरत आहे. वनस्पतिजन्य द्रव्यांनी चामडे कमावण्याचे ज्ञान महाराष्ट्र व कर्नाटकातील कोल्हापुरी चपलेच्या परंपरेत जिवंत असून, या चपलेला भौगोलिक उपदर्शनाचे संरक्षणही लाभले आहे. असे जाड, ताठ चामडे खुर्चीची बैठक, पट्टे व मुठी यांना विशेष उपयुक्त ठरते.

चामड्याशी जोडलेला सामाजिक इतिहासही विसरता येत नाही. ज्या हातांनी चामडे कमावले त्यांना अस्पृश्य मानले गेले. संविधानाच्या अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. परंतु कौशल्याला प्रतिष्ठा व रास्त मोबदला मिळणे ही त्याची आर्थिक बाजू अद्याप अपूर्ण आहे. दिवाणखान्यातील चामड्याच्या आसनाचे कौतुक होते, त्याच वेळी ते घडवणारा मात्र मूल्यसाखळीच्या तळाशी राहतो, ही विसंगती दूर व्हावयास हवी.

पुढील दिशा

सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसायांचा समावेश आहे. सुतार, लोहार आणि चर्मकार हे तिघेही त्यात आहेत. २०२३-२४ ते २०२७-२८ या कालावधीसाठी योजनेची तरतूद १३,००० कोटी रुपयांची आहे. कौशल्य प्रशिक्षण, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि दोन टप्प्यांत अनुक्रमे १ लाख व २ लाख रुपयांपर्यंतचे कर्ज ५ टक्के सवलतीच्या व्याजदराने, असे तिचे स्वरूप आहे. मात्र नोंदणी, प्रशिक्षण व कर्ज हे सारे व्यक्तिगत कारागिराला उद्देशून आहे. मिश्र वस्तूची बाजारपेठ तर तिघांच्या सहकार्यावर उभी असते. तिन्ही व्यवसायांच्या स्वयंसहायता गटांना किंवा उत्पादक कंपन्यांना एकत्र आणणे, लाकूड वाळवण्याच्या भट्ट्या व चाचणीच्या सोयी असलेली सामाईक सुविधा केंद्रे उभारणे आणि रचना संस्थांतील विद्यार्थ्यांना अशा गटांशी जोडणे, ही या दृष्टीने आवश्यक पावले होत.

निर्यातीवरील एकतर्फी अवलंबित्वही धोक्याचे आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने बहुतांश भारतीय मालावरील अतिरिक्त शुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेले, तेव्हा हस्तशिल्पासारख्या श्रमप्रधान उद्योगांना त्याची झळ सर्वप्रथम जाणवली. देशांतर्गत मध्यमवर्गीय ग्राहक हा अशा वेळी मोठा आधार ठरू शकतो. त्यासाठी दुरुस्त करता येणारी, प्रमाणित आणि रास्त किमतीची वस्तू त्याच्यापर्यंत पोहोचली पाहिजे.

लाकडी खुर्ची बहुधा मधोमध मोडत नाही, ती सांध्यात मोडते. कारागिरांच्या विकासधोरणालाही हेच लागू पडते. वनधोरण, चर्मोद्योग, धातुकाम, कौशल्यविकास आणि व्यापार या प्रत्येक क्षेत्रात स्वतंत्र योजना आहेत. त्यांना जोडणारे सांधे मात्र अजून सैल आहेत. ते घट्ट झाले, तर मोटेच्या काळापासून एकत्र राबणाऱ्या या तीन हातांना त्यांच्या कौशल्याचे मोल आणि त्यांचे नावही मिळू शकेल.