गाडीचा मुक्काम

छत्रपती संभाजीनगरच्या रेल्वे स्थानकातून बाहेर पडून जुन्या शहराच्या दिशेने निघाले, की वाटेत उस्मानपुरा लागतो. आज हा भाग दुकानांनी व वाहनांनी गजबजलेला असतो. आगगाडीतून उतरलेला प्रवासी येथील एखाद्या खाणावळीत जेवतो, जवळच खोली घेतो आणि निश्चिंतपणे झोपी जातो. परंतु या शहरात आगगाडी आली ती इ. स. 1900 च्या सुमारास. त्यापूर्वी शेकडो वर्षे येथे येणारा वाटसरू पायी येई, घोड्यावरून येई, नाही तर बैलगाडीतून येई. गाडीवाल्याचे बिऱ्हाड गाडीतच असे. अंथरूण, पीठमीठ, भांडीकुंडी, बैलांचे दाणावैरण, सारे काही साट्यावर रचलेले. दिवस मावळू लागला, की त्याच्यापुढे रोज तोच प्रश्न उभा राही : आजचा मुक्काम कोठे करावा?

मलिक अंबराने 1610 मध्ये खडकी हे गाव वसवले. 1653 पासून ते औरंगाबाद या नावाने दख्खनच्या मोगल सुभ्याचे मुख्य ठाणे बनले. सुरत बंदरात उतरलेला माल गोवळकोंड्याकडे नेणारी एक वाट याच गावावरून जात असे. झां बाप्तिस्त ताव्हर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या या वाटेने गेला होता. हिऱ्यांच्या व्यापारासाठी त्याने पूर्वेकडे सहा सफरी केल्या. सुरतेपासून गोवळकोंड्यापर्यंतचे अंतर त्याने 324 कोस दिले असून ते 27 दिवसांत तोडल्याचे नमूद केले आहे. म्हणजे रोज सरासरी बारा कोस. वाटेतील गावे आणि त्यांच्यामधील अंतरे त्याने ओळीने लिहून ठेवली. पुढच्या वाटसरूला त्या यादीचा केवढा उपयोग झाला असेल! नवापूरचा तांदूळ बारीक असून त्याला कस्तुरीसारखा वास येतो, हेही तो लिहावयास विसरला नाही.

ताव्हर्नियेच्या गाडीचे बैल साधे नव्हते. त्या जोडीला त्याने सुमारे सहाशे रुपये मोजले होते. पालखीच्या एका भोयाला त्या काळी महिन्याला चार रुपये मिळत. तेव्हा ती जोडी घ्यावयाची, तर भोयाला साडेबारा वर्षांची कमाई एकही पैसा न खर्चता साठवावी लागली असती! हे बैल साठ-साठ दिवस दुडक्या चालीने धावत. निम्मी मजल झाली, की त्यांना कणकेत लोणी आणि काळा गूळ मिसळून केलेले दोन-तीन गोळे चारीत. संध्याकाळी भरडलेले हरभरे अर्धा तास पाण्यात भिजवून त्यांच्यापुढे ठेवीत. अशा गाडीचा मुक्काम निवडताना मालकाची सोय मागाहून पाहिली जाई. बैलांना पाणी आहे काय, हे आधी पाहावे लागे. तहानलेला बैल दुसऱ्या दिवशी जू खांद्यावर घेईना, तर हिऱ्यांचा व्यापारीही वाटेतच अडकून पडावयाचा.

वाटेत अडकण्याचे प्रसंग काही कमी नव्हते. धान्य व मीठ वाहणाऱ्या वंजाऱ्यांच्या तांड्यात दहा-बारा हजार बैल असत. अरुंद वाटेवर असा तांडा समोर आला, तर तो पुढे निघून जाईपर्यंत दोन-दोन, तीन-तीन दिवस थांबावे लागे. बीबी का मकबऱ्यासाठी संगमरवर वाहून आणणाऱ्या तीनशेहून अधिक गाड्या ताव्हर्नियेने पाहिल्या. त्यांतील लहानात लहान गाडीलाही बारा बैल जोडलेले होते. असा मेळा रस्त्यावर असताना ठरलेले मुक्कामाचे गाव वेळेवर कोठून गाठणार?

मुक्कामाच्या जागा अनेक प्रकारच्या होत्या. त्यांतील सराई ही सर्वांत प्रसिद्ध. मोठमोठ्या शहरांच्या सराया दगडी व भव्य असत. पण वाटेवरील बहुतेक सराया म्हणजे चार भिंतींचे एक मोठे आवार आणि आत गवताने शाकारलेल्या पन्नास-साठ झोपड्या. तेथील बायामाणसे पीठ, तांदूळ, लोणी व भाजीपाला विकीत आणि वाटसरूला भात-भाकरी रांधून देत. खोली झाडून ते एक बाजले टाकून देत. त्यावरची गादी ज्याची त्याने आणावयाची. सराईत सोबत मिळे, गरम अन्न मिळे. परंतु शेकडो माणसे, उंट आणि घोडे एकाच आवारात असल्यावर शांत झोप कितपत लागणार, हे सांगावयास नको.

तरीही व्यापारी सराई पसंत करीत, याचे कारण तिचा दरवाजा. निकोलाओ मनुची नावाच्या व्हेनिसच्या प्रवाशाने याविषयी मोठी मजेदार हकीकत लिहिली आहे. संध्याकाळी सराईचे दरवाजे बंद होत. सकाळी ते उघडण्यापूर्वी दरवान तीनदा ओरडून सांगे, की ज्याने त्याने आपले सामान पाहून घ्यावे. कोणाची वस्तू हरवली असेल, तर ती सापडेपर्यंत दरवाजा उघडत नसे. चोर आतच कोंडला जाई! ही युक्ती साधी खरी, पण आजच्या कुलुपांहून ती अधिक पक्की म्हणावी लागेल.

ज्यांच्याजवळ तंबू होता, ते सराईत जात नसत. विहीर जवळ असलेली एखादी आमराई पाहून ते डेरा टाकीत. तेथे मोकळी हवा मिळे, गलबला नसे, आणि बैलांना सावली मिळे. मात्र राखण आपली आपणच करावी लागे. लांबच्या प्रवासाला निघालेले श्रीमंत लोक वीस-तीस हत्यारबंद शिपाई बरोबर घेत, ते काही केवळ दिमाखासाठी नव्हे. गरीब गाडीवान शिपाई कोठून आणणार? ते अनेक जण मिळून निघत. रात्री गाड्या गोलाकार उभ्या करून बैल मधोमध बांधीत, शेकोटी पेटवीत आणि आळीपाळीने जागत. चाकांना वंगण घालणे, जुवाची दोरी तपासणे ही कामेही याच वेळी उरकत. नाही तर गावकुसापाशी थांबावे, वेशीवरच्या येसकराला वर्दी द्यावी आणि देवळाच्या ओवरीत किंवा चावडीत पथारी टाकावी. येथे पैसा लागत नसे. गावाच्या हद्दीत चोरी झाली, तर तिचा जाब गावाला द्यावा लागे. त्यामुळे आलेल्या पाहुण्यावर गावाचे लक्ष असे.

औरंगाबादेत पोचल्यावर मात्र प्रवाशाला एक वेगळेच सुख लाभे. खाम नदीच्या काठी बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात पाणचक्की आहे. मुसाफिर म्हणजेच प्रवासी! दूरच्या डोंगरातील झऱ्याचे पाणी जमिनीखालच्या नळांतून येथवर आणलेले आहे. त्या पाण्याच्या जोरावर जाते फिरे आणि यात्रेकरू, फकीर व शिष्य यांच्यासाठी दळण दळले जाई. अठराव्या शतकात बांधलेल्या या स्थळाची खरी गंमत तेथील हौदाखाली आहे. त्या मोठ्या हौदाचा तळ म्हणजेच खालच्या दालनाचे छत होय. डोक्यावर पाणी असल्यामुळे भर उन्हाळ्यातही ते दालन थंड राही, आणि तेथे यात्रेकरू उतरत. दिवसभर मराठवाड्याचे ऊन सोसून आलेल्या माणसाला याहून अधिक काय हवे? त्याच शतकात अहिल्याबाई होळकरांनी देशभर विहिरी, घाट आणि धर्मशाळा बांधून वाटसरूंची केवढी सोय केली, ते सर्वश्रुत आहे.

या साऱ्या जागांची तुलना करताना एक गोष्ट मात्र विसरून चालणार नाही. विहीर होती, ओवरी होती, धर्मशाळा होती. पण त्या सर्वांसाठी खुल्या नव्हत्या. ज्यांना समाजाने अस्पृश्य ठरवले होते, त्यांच्या गाडीचा मुक्काम कसा होत असे?

1901 मधील गोष्ट आहे. भीमराव आंबेडकर तेव्हा सुमारे दहा वर्षांचे होते. वडील खटाव तालुक्यात नोकरीस होते. त्यांना भेटण्यासाठी भीमराव, त्यांचा भाऊ आणि बहिणीची मुले अशी लहान मंडळी साताऱ्याहून आगगाडीने निघाली व मसूर स्थानकावर उतरली. वडिलांना पत्र वेळेवर पोचले नव्हते. त्यामुळे न्यावयास कोणी आले नाही. मुलांची जात कळताच गाडीवाले त्यांना गाडीत घेईनात. अखेर दुप्पट भाडे घेऊन एक जण तयार झाला, तोही एका अटीवर. गाडी मुलांनी हाकावी. तो स्वतः शेजारून पायी चालणार!

रात्र पडली. मुलांजवळ घरून दिलेला फराळ होता, पण पाणी नव्हते. वाटेत दिसले ते शेणामातीने गढूळ झालेले पाणी. मध्यरात्रीच्या सुमारास एका टेकडीच्या पायथ्याशी जकातनाका लागला. गाडी उभी करावयास जागा मिळाली, बैल सुटले, दिवाही दिसत होता. छोट्या भीमरावांनी नाकेदाराकडे पाणी मागितले. आपण मुसलमान आहोत, असेही सांगून पाहिले. पाणी मिळाले नाही. घशाखाली घास उतरेना, म्हणून भरलेला डबा तसाच बाजूला ठेवून ती मुले उपाशीपोटी, आळीपाळीने जागत, गाडीपाशीच पडून राहिली. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास ती वडिलांकडे पोचली.

1934 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहावयास आले असता दौलताबादला गेले. प्रवासाने अंग धुळीने भरले होते. किल्ल्याच्या दाराशी असलेल्या टाक्यावर त्यांनी हातपाय धुतले. तेवढ्यावरून लोक धावून आले आणि टाके बाटवल्याचा ओरडा झाला. आतील पाण्याला शिवू नये म्हणून बरोबर एक हत्यारबंद शिपाई देऊन मगच त्यांना किल्ला पाहू देण्यात आला.

दौलताबादपासून काही कोसांवर असलेल्या याच औरंगाबाद शहरात पुढे 1950 मध्ये बाबासाहेबांनी महाविद्यालय सुरू केले. तेच आजचे मिलिंद महाविद्यालय. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून मुले तेथे शिकण्यासाठी येऊ लागली. त्यांच्यासाठी महाविद्यालयाच्या आवारात वसतिगृहेही उभी राहिली.