फिरत्या सिलिंडरची रायफल मागे का पडली?

प्रश्न : रिव्हॉल्व्हरसारखं फिरतं सिलिंडर असलेल्या रायफली आज फारशा का दिसत नाहीत?

उत्तर : सिलिंडर आणि नळी यांच्यामध्ये बारीक फट ठेवावीच लागते, नाहीतर सिलिंडर फिरणार नाही. गोळी सुटली की त्या फटीतून तापलेला वायू आणि शिशाचे कण बाजूला उडतात. रिव्हॉल्व्हर धरताना दोन्ही हात फटीच्या मागे असतात. रायफलीत डावा हात नेमका पुढे, नळीखाली येतो. १८५५ च्या कोल्ट रायफलीत याहून भयंकर घडे : एका कप्प्याची आग शेजारच्या कप्प्यांना लागे आणि अनेक बार एकदम उडत. हात पुढे असलेल्या सैनिकाची काय गत होत असेल! धातूच्या काडतुसांनी हा धोका संपवला, फट मात्र राहिली. शिवाय १८६० च्या हेन्री रायफलीच्या मॅगझिनमध्ये १६ काडतुसं मावत, कोल्टमध्ये जेमतेम ५-६. माझ्या मते निकाल तिथेच लागला. रॉसी कंपनीने अलीकडे ‘सर्किट जज’ ही अशी बंदूक काढली, पण तिलाही फटीशी आडोसा लावावाच लागला.