थोरली विहीर

सातारा जिल्ह्यातील माण तालुका हा पर्जन्यछायेचा प्रदेश आहे. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस येथवर पोचेपर्यंत थकून जातो, आणि माणगंगेच्या पात्रात बहुतेक वर्षभर पाण्याऐवजी वाळूच दिसते. अशा गावी मुले पोहायला शिकत तरी कोठे, असे तुम्ही विचाराल. आमच्या गावी याचे उत्तर एकच होते, आणि ते म्हणजे मळ्यातील थोरली विहीर.

काळ्या पाषाणात खोदलेली ती विहीर चांगली रुंद व खोल होती. एका बाजूस पायऱ्या, दुसऱ्या बाजूस मोटेची धाव. पुढे मोट गेली व तेलाचे इंजिन आले. परंतु आमच्या उड्यांत त्यामुळे काही खंड पडला नाही. सुट्टी लागली की सकाळी न्याहारी करून आम्ही निघत असू. मुले मळ्यात गेली आहेत, एवढेच घरच्यांना ठाऊक असे. विहिरीवर लक्ष ठेवायला मोठे माणूस कोणीही नसे.

नवशिक्या मुलाच्या पाठीला वाळलेले पोकळ भोपळे किंवा पांगाऱ्याचे लाकूड बांधीत. पांगाऱ्याचे लाकूड फार हलके असते. ते बुडत नाही व बुडूही देत नाही. माझा थोरला चुलतभाऊ, ज्याला आम्ही सारे दादा म्हणत असू, तो दर दोन-चार दिवसांनी त्यातील एकेक तुकडा गुपचूप कमी करी. एके दिवशी मी विहिरीच्या मध्यावर असताना तो काठावरून ओरडला, "अरे, पाठीला हात लावून बघ!" पाठ मोकळी होती. मी घाबरून दोन घोट पाणी प्यालो खरा. पण पायरी गाठली ती माझी मीच.

मग मुटका आला, सूर आला. तळापर्यंत बुडी मारून मूठभर गाळ आणील तो खरा पोहणारा, असा आमचा दंडक होता. विहिरीत एकट्याने उतरायचे नाही. निघताना पायरीवर सर्वांची मोजदाद करायची. बुडणाऱ्याला समोरून कवटाळायचे नाही, त्याच्याकडे धोतराचे टोक फेकायचे. हे नियम कोणी लिहिले नव्हते, पण ते मोडण्याची कोणाची छाती होत नसे. मुलींना ही मोकळीक नव्हती. माझी बहीण पायरीवर धुणे धुता धुता आमच्या उड्यांतील चुका अचूक सांगे. तिचे पोहणे मात्र राहूनच गेले, आणि ती गोष्ट मला अजून खटकते.

एका उन्हाळ्यात शेजारच्या गावातील एक मुलगा अशाच एका विहिरीतून वर आला नाही. आठ दिवस आम्हांला मळ्याची वाट बंद झाली. नवव्या दिवशी आम्ही पुन्हा तेथे होतो; फक्त त्या दिवशी दादाने आम्हांला तीन वेळा मोजले.

आणखी एक नियम होता. पूर्वेच्या काठावरून उडी घ्यायची नाही. तेथे पाण्याखाली खडक आहे, असे मोठी मुले सांगत. त्यांना त्यांच्याहून मोठ्यांनी सांगितले होते. खडक पाहिलेला मात्र कोणीच नव्हता. ही भित्र्यांनी उठवलेली आवई असावी असे वाटून मी एकदा दुपारी, सारे चिंचेखाली बसले असताना, पूर्वेकडून उडी घेतली. एकदा नव्हे, तीनदा! काहीच झाले नाही. मी ऐटीत ते दादाला सांगितले, तेव्हा त्याने माझ्या थोबाडीत दिली. तो मला मारील असे मला कधी वाटले नव्हते. मी महिनाभर त्याच्याशी बोललो नाही.

१९७२ साली पावसाने पाठ फिरवली. महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. गावातील माणसे खडी फोडण्याच्या सरकारी कामावर जाऊ लागली. पुढच्या उन्हाळ्यात थोरली विहीर प्रथमच कोरडी पडली, आणि गाळ काढण्यासाठी दादाबरोबर मीही तळाशी उतरलो.

पूर्वेच्या बाजूस, बैलाच्या वशिंडासारखा निमुळता, एक काळा खडक उभा होता. मी मान वर करून काठाकडे पाहिले. मी उडी घेतली होती ती जागा मला बरोबर ओळखू आली. तेथून सरळ खाली जेथे मी पडलो असेन, तेथपासून खडकापर्यंतचे अंतर दादाने हाताने मोजले. ते दीड हात भरले.

तो काहीच बोलला नाही. त्याने गाळाने भरलेली पाटी उचलून माझ्या डोक्यावर दिली, आणि मी पायऱ्या चढू लागलो.