भाज्याच्या वाटेवर पट्टा काढण्याआधी

मळवली स्टेशनवर लोकलमधून उतरलं की भाजे गाव चालत गाठता येतं. द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडला की भातखाचरं लागतात, मग गाव, मग लेण्यांच्या पायऱ्या. वर विसापूर आणि लोहगड ढगांत बुडालेले. पावसाळ्यातल्या रविवारी एवढ्याशा वाटेवर कुत्र्याला भुलवणारं सगळं एकत्र आलेलं असतं. भाजक्या कणसांचा वास, वडापावचे टाकलेले कागद, बांधावर चरणाऱ्या शेळ्या, माकडं, धबधब्याकडे निघालेली अनोळखी गर्दी, गावातले कुत्रे. पुण्या-मुंबईची कुटुंबं आता आपला कुत्राही हौसेनं सोबत आणतात. त्याला मोकळं धावू द्यावंसं वाटणं स्वाभाविक आहे. पण पूल ओलांडताच पट्टा काढणारी माणसं पाहिली की मला धास्ती वाटते.

असाच एक लॅब्रेडोर मी इथे सुटताना पाहिला. वर्षाच्या आतबाहेरचा, देखणा, माणसाळलेला. शेळ्या हलल्या आणि तो त्यांच्यामागे गेला. मालक आधी नावानं हाका मारत राहिले, मग ‘ये, ये, ये’ म्हणत धावले. त्यानं मान वळवून पाहिलंही नाही. एक करडू बांधावरून खाली पडलं आणि त्याचा पाय मोडला. गावातले कुत्रे मागे लागल्यावर बिथरलेला तो लॅब्रेडोर द्रुतगती मार्गाच्या दिशेनं पळाला. खूप शोधाशोध झाल्यावर झुडपात थरथरत बसलेला सापडला. ‘घरी हा एका हाकेत येतो हो,’ असं मालक शेळीवाल्या मावशींना सांगत होते. ते खोटं बोलत नव्हते.

घरी येणारा कुत्रा बांधावर का येत नाही, हे समजून घेतलं पाहिजे. कुत्रा आज्ञेसोबत अवतीभवतीचं सगळंच शिकतो: हॉलमधली फरशी, मालकाचं उभं राहणं, खाऊच्या डब्याचा आवाज. यातलं काहीच नसलेल्या जागी तीच आज्ञा त्याला जवळजवळ नवी असते. म्हणून ‘ये’ हॉलमध्ये शिकवून भागत नाही. ते जिन्यात, सोसायटीच्या आवारात, रिकाम्या मैदानात आणि बाजाराच्या कोपऱ्यावर पुन्हा शिकवावं लागतं.

वयाचाही भाग असतो. न्यूकॅसल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पाच महिन्यांच्या वयात आज्ञा पाळणारे कुत्रे आठव्या महिन्यात आपल्याच सांभाळणाऱ्याचं कमी ऐकताना आढळले. परक्या माणसाच्या बाबतीत मात्र तशी घसरण नव्हती. या वयातल्या कुत्र्याला हट्टी ठरवून मारणारे लोक मी पाहिलेत. त्या माराने त्याला एवढंच कळतं की मालकाजवळ जाणं धोक्याचं आहे.

कोलाहलातही काम करणारा कुत्रा घडतो, यात शंका नाही. मुंबई पोलिसांचा झंजीर आठवा. पुण्यात पोलिसांच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात तो तयार झाला आणि १९९३ च्या बाँबस्फोटांनंतर त्यानं ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर आणि २४९ हातबाँब शोधून दिले. २००० साली तो गेला तेव्हा पोलिसांनी त्याला सन्मानानं निरोप दिला. पण अशा कुत्र्यामागे रोजचा सराव असतो आणि कामावर हँडलर त्याच्या सोबत असतो. आपण रविवारी सकाळी सरावाविना तेवढ्याच भरवशाची अपेक्षा ठेवतो.

सरावाचं मर्म साधं आहे: अडचण एका वेळी एकच वाढवायची. अंतर वाढवलं तर आसपास शांतता हवी. गर्दीत नेलं तर अंतर दोन पावलांचं हवं. दहा मीटरची दोरी घ्या, ती गळपट्ट्याला न लावता छातीच्या पट्ट्याला लावा, म्हणजे झटका मानेवर बसत नाही. शेळ्या दिसतील पण कुत्रा अजून आपल्याकडे पाहू शकेल, इतक्या लांब उभे राहा. आवडता खाऊही तो तोंडात घेत नसेल तर आपण फार जवळ आलोय, मागे सरका. हाक एकदाच मारा. दहादा मारलेली हाक त्याच्यासाठी पाठीमागचा आवाज होऊन जाते. तो आला नाही तर दोरीनं हळूच वळवा, आणि आला की घरी कधी न मिळणारं काही द्या, उकडलेल्या चिकनचा तुकडा म्हणा. सवय पक्की झाल्यावर खाऊ कधी द्या, कधी नुसती शाबासकी. पण त्याच्या येण्याची दखल दर वेळी घ्या.

यात सगळ्यात जास्त बिघडतं ते एका गोष्टीनं. फिरणं संपवायची वेळ झाली की बोलावलं, आणि आला की लगेच पट्टा अडकवला. दोन-चारदा असं झालं की शहाणा कुत्रा हाताच्या अंतरावर थांबायला शिकतो. म्हणून फिरताना अनेकदा बोलवा, गळपट्ट्याला हात लावा, खाऊ द्या आणि पुन्हा सोडा. उशिरा आला तरी रागावू नका, कारण त्याच्या लेखी ते रागावणं येण्याबद्दलच असतं.

गावातल्या कुत्र्यांशी मात्र सराव करायला जाऊ नका. ती त्यांची हद्द आहे. आपला कुत्रा जवळ घेऊन, न धावता, वळसा घालून जावं. कुणाला दात लागलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवावी आणि रेबीजच्या लशीसाठी लगेच दवाखाना गाठावा.

भाज्याला यायचंच असेल तर पहिल्यांदा पाऊस सरल्यावर, आठवड्यातल्या मधल्या वारी, सकाळी लवकर या. रेल्वे आणि द्रुतगती मार्गापासून दूर जा, दोरी लावूनच शेळ्यांपासून लांब सराव करा आणि गुराख्याला आधी विचारा. जुलैतल्या रविवारी पट्टा हातातच राहू द्या, कुत्रा कितीही शिकलेला असो.